नाव सांगणारा आवाज : प्रस्तावना

१९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गायसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या कितीतरी तबकड्यांवर गाणे संपता संपता गाणारी स्वतःच आपले नाव सांगते. मूळ मुद्रणे तेव्हा प्रती काढण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना ही भाषाही परकी आणि गाणेही परके. कोणती तबकडी कुणाची हे त्यांना कळावे, म्हणून नाव तबकडीतच बोलून ठेवायची रीत पडली. गरज कारखान्याची होती, पण लाभ श्रोत्याचा झाला. जिला आपण कधी पाहणार नाही तिचे नाव तिच्याच तोंडून कानावर पडू लागले. पुढे पंचवीस वर्षांत नभोवाणी आली, आणि नाव सांगण्याचे काम गाणाऱ्याकडून दुसऱ्या एका माणसाकडे गेले. हे पुस्तक त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे.

गायकांविषयी आणि घराण्यांविषयी मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बी. आर. देवधर, वामनराव देशपांडे अशा जाणकारांनी आपल्याला गाणे वाचायलाही शिकवले. या लेखनात तबलजी भेटतो, सारंगिया भेटतो, मैफलीचा यजमान भेटतो. रेडिओवरचा निवेदक मात्र क्वचितच भेटतो. तरीही माझी अशी खात्री आहे, की महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या सामान्य श्रोत्याचा कान घडवण्यात गायक-वादकांच्या खालोखाल वाटा या आवाजाचा आहे. चांगले निवेदन म्हणजे गोड गळा नव्हे आणि पाठ केलेली माहितीही नव्हे. ते चांगल्या ऐकण्यातून येते. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तीन वर्षांत कंपनी बुडाली, प्रक्षेपण सरकारच्या हाती आले आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतले ‘एमिसोरा द गोवा’ होते. मुक्तीनंतर तिथे आकाशवाणीचे पणजी केंद्र उभे राहिले. सुरुवातीच्या काळात टेप नव्हती, त्यामुळे बहुतेक गाणे थेट प्रसारित होई. रात्रभराच्या मैफलीत एकच राग दीड तास मांडणाऱ्या गवयाला इथे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्ध्या तासात, कधी पाव तासातही, तो मांडावा लागे. तंबोरे जुळत असत, लाल दिवा लागे, आणि पहिला शब्द निवेदकाचा असे. गायक ऐन वेळी राग बदलत. कागदावर लिहिलेले आणि प्रत्यक्ष गायले गेलेले यांत फरक पडला, तर तो समारोपाच्या घोषणेत दुरुस्त करणे हेही निवेदकाचेच काम होते. गाणे कानांनी ओळखता येत नसेल त्याला ते जमणे शक्य नव्हते.

१९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि शास्त्रीय संगीताला मोठी जागा दिली. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम २० जुलै १९५२ रोजी सुरू झाला. शनिवारी रात्री देशभरची केंद्रे तो सहक्षेपित करत. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. केसकरांच्या धोरणावर तेव्हाही वाद झाले आणि आजही होतात. पण त्या धोरणाने एक गोष्ट नक्की घडवली. ज्या घरांनी ख्याल कधी मागितला नव्हता, त्या घरांत ख्याल रोज येऊ लागला. तालुक्याच्या गावी संगीतसभा नव्हती. घरातल्या बाईमाणसाला रात्रीच्या मैफलीला जाता येत नव्हते. गाणे शिकवणारा कुणी भेटेल याची शाश्वती नव्हती. अशा श्रोत्याला रागाचे नाव सांगणारा निवेदकाखेरीज दुसरा कोण होता?

इथे मला एका सवयीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण या कलेचे मर्म तिच्यात आहे. रेडिओ लावावा तेव्हा गाणे बहुधा सुरू झालेले असे. सुरुवातीची घोषणा हुकलेली असे. मग घरात अंदाज सुरू होत. एक म्हणे, हा बागेश्री. दुसरा म्हणे, गंधार शुद्ध लागतोय, रागेश्री असला पाहिजे. आलाप, ताना, द्रुत बंदिश असे सगळे संपेपर्यंत दोघे आपापल्या मतावर ठाम असत आणि शेवटच्या घोषणेची वाट बघत. निवेदक नाव सांगे आणि निकाल लागे. जो चुकला तो पुढच्या वेळी गंधाराकडे जास्त कान देई. वर्षानुवर्षे हे चालले. कुणी शिकवले नाही, परीक्षा घेतली नाही, आणि तरी या मुलुखात राग ओळखणारे हजारो कानसेन तयार झाले. म्हणून मी समारोपाच्या घोषणेला आरंभाच्या घोषणेपेक्षा जास्त मान देतो. आरंभी सांगितलेले नाव स्वीकारायचे असते. शेवटी सांगितलेले नाव आपल्या ऐकण्याशी ताडून बघता येते. आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री याच घोषणेला लागते. तसे होते तेव्हा श्रोत्याने दिलेल्या अर्ध्या तासाचे उत्तरच त्याला मिळत नाही.

निवेदनात काय सांगावे आणि काय सांगू नये, हा पुढचा प्रश्न. उदाहरण मारव्याचे घेऊ. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी अनेक घरांत होती आणि आकाशवाणीवरूनही ती अनेकांच्या कानी पडली. ती लावण्यापूर्वी एक निवेदक म्हणेल, की आता आपण ऐकणार आहोत स्वरसम्राटांच्या दैवी गळ्यातून पाझरलेला, मंत्रमुग्ध करून सोडणारा, अलौकिक असा राग. दुसरा म्हणेल, “मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावरही गायक फार थांबत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्याभोवती हा आलाप कसा फिरतो ते ऐकू या.” पहिल्याने श्रोत्याला काय वाटायला हवे ते सांगून टाकले. दुसऱ्याने काय ऐकायचे ते दाखवले आणि वाटण्याचे काम श्रोत्यावर सोपवले. गायक षड्ज टाळत राहतो आणि अखेर त्यावर येतो, तेव्हा नवख्या श्रोत्यालाही काहीतरी सुटल्यासारखे वाटते, कारण त्याचे कान त्या जागेची वाट बघत असतात. विशेषणांच्या राशीने हे होत नाही.

एक खूण पुरते, पण ती नेमकी हवी. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपाचा जोर गंधारावर, देशकाराचा धैवतावर, आणि एक संध्याकाळचा तर दुसरा सकाळचा. मारवा, पुरिया, सोहनी यांनाही स्वर सारखेच; पुरियाचे लक्ष खालच्या सप्तकात, सोहनीची झेप तारसप्तकाकडे. हे दोन वाक्यांत सांगता येते, आणि ज्याने तो राग पुरेसा ऐकला आहे त्यालाच ते दोन वाक्यांत सांगता येते. न ऐकता पुस्तकातून उतरवणारा थाट, जाती, वादी, संवादी, आरोह, अवरोह अशी सगळी यादी वाचतो. यादी चुकीची नसते. पण त्यातले पुढच्या वीस मिनिटांत कामाला येणारे कोणते, हे तिला ठाऊक नसते. भैरवीपूर्वी काही समजावून सांगायची गरज नसते. जयपूर-अत्रौली परंपरेतले खोकर किंवा सावनी नट यांसारखे अनवट राग असतील, तर निदान नाव सावकाश आणि स्पष्ट, शक्यतो दोनदा सांगावे. कितीतरी श्रोते ते आयुष्यात प्रथमच ऐकत असतात.

रेडिओने रागांच्या वेळांचेही एक मोठे काम केले. जलसे बहुधा संध्याकाळी आणि रात्री होत. त्यामुळे यमन, बागेश्री, मालकंस लोकांच्या कानांत बसले, पण सारंगाचे प्रकार, भीमपलासी, मुलतानी यांना व्यासपीठ कमी. आकाशवाणीच्या सकाळच्या आणि दुपारच्या सभांनी या रागांना हक्काची जागा दिली. दुपारी शुद्ध सारंग लावताना निवेदकाने वेळेचा नुसता उल्लेख केला, तरी बाहेरचे ऊन आणि आतला राग यांचे नाते श्रोत्याच्या मनात जुळते.

दक्षिणेच्या संगीताचे निवेदन ही आणखी एक कसोटी. कर्नाटक संगीतात रागाइतकेच महत्त्व रचनाकाराला असते. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर की श्यामा शास्त्री, हे सांगितल्याशिवाय घोषणा पुरी होत नाही. शिवाय नावे फसवतात. तिकडचा मोहनम् आपल्या भूपाजवळचा. तिकडचा हिंदोलम् ऐकताना मराठी श्रोत्याला मालकंस आठवतो, आपला हिंदोल मात्र वेगळाच. तिकडच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. मुंबईसारख्या केंद्रावरून दोन्ही पद्धती ऐकवल्या जातात, तेव्हा “मालकंस ऐकणाऱ्यांना हे स्वर ओळखीचे वाटतील” एवढे एक वाक्य मराठी घरात दक्षिणेच्या गाण्यासाठी दार उघडते. निवेदकाने ते उघडले नाही तर तो श्रोता तेवढ्या वेळापुरता रेडिओ बंद करतो.

आपल्या नाट्यसंगीताच्या बाबतीत हीच जबाबदारी घरची आहे. नाट्यपद बहुधा गायकाच्या नावाने ओळखले जाते, आणि बाकीचे मागे पडतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’चे संगीत भास्करबुवा बखले यांचे, १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’चे जितेंद्र अभिषेकी यांचे. नाटक, नाटककार, संगीतकार आणि गायक ही चार नावे सांगायला दहा सेकंद लागतात. ती रोज सांगितली गेली म्हणूनच ज्यांनी या नाटकांचा पडदा वर गेलेला कधी पाहिला नाही, त्यांनाही आपल्या रंगभूमीचा वारसा कळला.

साथीदारांची नावे हा माझ्या दृष्टीने निवेदकाच्या सचोटीचा प्रश्न आहे. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिचे ठरीव स्वर आपल्या श्रुतींना आणि मींडेला न्याय देत नाहीत, हा आक्षेप होता. त्या काळातल्या घोषणांत साथीला सारंगी किंवा व्हायोलिन येई, आणि मैफलीत त्याच गायकाला साथ करणारा पेटीवादक घरी बसे. पुढे पेटी परतली, तशी पेटीवादकांची नावेही घोषणेत परतली. एखाद्या वाद्याला आणि ते वाजवणाऱ्याला घोषणेत स्थान मिळणे वा न मिळणे याचा त्यांच्या पोटावर आणि प्रतिष्ठेवर केवढा परिणाम होतो, हे या इतिहासात दिसते. चाळीस मिनिटे विलंबित एकतालाचा ठेका सांभाळून गायकाला मोकळे ठेवणाऱ्या तबलजीचे नाव गाळून “आणि इतर साथीदार” म्हणणे हा अन्याय आहे. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचे नावही सांगावे. उद्या ते नाव घोषणेत पहिले येण्याची शक्यता असते.

उच्चारांचा विषय याला लागूनच येतो. बंदिशींची भाषा ब्रज, कधी अवधी, कधी पंजाबी. गायकांची नावे बंगाली, कन्नड, उर्दू वळणाची. मराठी निवेदकाने ती सारी नावे त्या त्या भाषेतल्या माणसाला ओळखू येतील अशी उच्चारावीत, पण म्हणताना नाटकी होऊ नये. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर या नावांतली ‘बाई’ आपल्या तोंडी आदराची आहे. तिच्या जागी कृत्रिम बिरुद लावून मान वाढत नाही. ज्या नावाने कलावंत स्वतःला ओळखतो, ते नाव नीट उच्चारले की मान राखला जातो.

आता शांततेविषयी. द्रुत तीनताल तिहाईने समेवर येऊन थांबतो, तंबोरा अजून वाजत असतो. त्या क्षणी निवेदकाचा हात फेडरवर असतो. तंबोरा किती वेळ ऐकू द्यायचा, किती सावकाश खाली आणायचा, आणि त्यानंतर किती थांबून बोलायचे, याचे उत्तर कुठल्याही क्यू शीटवर लिहिलेले नसते. तडाखेबंद तराण्यानंतर लगेच बोलले तरी चालते. दरबारीच्या आलापानंतर तसे केले तर श्रोत्याला धक्का बसतो. वेळेची शिस्तही सुटता कामा नये. बातम्यांची वेळ झाली की गाणे थांबवावेच लागते. पण आवर्तन मध्येच तोडणारा निवेदक आणि समेची वाट बघून फेड करणारा निवेदक यांत फरक फक्त तीन-चार सेकंदांचा असतो, आणि ते सेकंद कुठे आहेत हे ताल अंगात मुरलेल्यालाच सापडते.

भाषेचा कस हा या कलेचा दुसरा पाया. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर, जितेंद्र अभिषेकी अशी माणसे आकाशवाणीच्या नोकरीत होती. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरूनच घरोघरी पोचले. शब्द तोलून वापरणाऱ्यांच्या या सहवासात निवेदकांची मराठीही तोलली गेली. लहान वाक्ये, नेमकी क्रियापदे, कागद समोर असूनही समोरच्याशी बोलल्यासारखा स्वर हे गुण त्या वातावरणातले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावरून पुणेकरांच्या परिचयाचे झालेले आनंद देशमुख यांचा आवाजही आकाशवाणीत घडलेला आहे. हजारो श्रोते समोर असतानाही मोजकेच बोलायचे, हा संस्कार रेडिओचा.

मोजके बोलणे म्हणजे कोरडे बोलणे मात्र नव्हे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी आले आणि श्रोत्याशी थेट, आपुलकीने बोलणारा आवाज देशाने ऐकला. त्या मानाने शास्त्रीय संगीताचे निवेदन कित्येकदा कार्यालयीन परिपत्रकासारखे होई, आणि त्यामुळे हे गाणे आपले नव्हेच असे अनेकांना वाटले. ही तक्रार खरी आहे, तिला उत्तर दिले पाहिजे. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. तिच्यावरच्या ‘संगीत सरिता’ने एक चांगला मार्ग दाखवला. रागाची थोडक्यात ओळख, त्या रागातले एखादे चित्रपटगीत, मग तोच राग शास्त्रीय रूपात. ओळखीच्या गाण्याचे बोट धरून श्रोता अनोळखी आलापाकडे जाई. यात सवंगपणा कुठेच नव्हता. श्रोत्याला अडाणी न समजता त्याच्या हाती काहीतरी देण्याची ती इच्छा होती. आपुलकी शब्दांच्या गोडव्यात नसते. श्रोत्याला काय ठाऊक असेल आणि काय नसेल याचा जो विचार निवेदक आधी करतो, त्यात ती असते.

आज परिस्थिती बदलली आहे. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी चालू आहे. मोबाइलवर हवा तो गायक हव्या त्या क्षणी मिळतो. गाणे इतके मुबलक कधीच नव्हते, आणि नावे इतकी हरवलेलीही कधी नव्हती. जुन्या प्रक्षेपणांच्या प्रती फिरतात, त्यांतून निवेदकाचा आवाज निरुपयोगी म्हणून कापलेला असतो, आणि त्याबरोबर तबलजीचे नाव, केंद्राचे नाव, कधी रागाचेही नाव गेलेले असते. मग चुकीची नावे चिकटतात आणि तीच पुढे पसरतात. दुसरीकडे, अनेक केंद्रांचा भार नैमित्तिक उद्घोषक वाहत आहेत. त्यांच्यात हौस आहे, आवाज आहे. पण जुन्या निवेदकाशेजारी बसून वर्षभर नुसते ऐकण्याची जी संधी आधीच्या पिढीला मिळाली, ती त्यांना मिळत नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिले आहे. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करून शास्त्रीय संगीतावर कार्यक्रम करणाऱ्या तरुणांसाठीही ते आहे, कारण त्यांचे काम तेच आहे.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात मुंबई, नागपूर, पुणे आणि पणजी केंद्रांच्या निमित्ताने या कलेची वाटचाल आहे. दुसऱ्यात तयारी: ध्वनिमुद्रण आधी पूर्ण ऐकणे, नावांची खात्री करणे, दोन वाक्यांची खूण शोधणे, उच्चारांची वही ठेवणे. तिसऱ्यात प्रत्यक्ष माइकसमोरचे काम. प्रत्येक प्रकरणाअखेरीस सरावासाठी नमुन्याच्या घोषणा दिल्या आहेत. त्या पाठ करण्यासाठी नाहीत, मोडून आपल्या शब्दांत बांधण्यासाठी आहेत. ज्या उद्घोषकांनी, तंत्रज्ञांनी आणि ध्वनिफितींच्या संग्रहपालांनी आपला अनुभव मोकळेपणाने सांगितला, त्यांचे ऋण या पुस्तकाच्या पानापानावर आहे.

नव्या निवेदकाकडून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत, पण त्या पाळणे सोपेही नाही. जे ऐकवणार ते आधी स्वतः ऐकावे. रागाचे नाव सांगताना घाई करू नये. साथीला असलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यावे. आणि वेळ कितीही अपुरा असला तरी शेवटची घोषणा सोडू नये. कुठेतरी कुणीतरी बागेश्री की रागेश्री यावर पैज लावून बसलेले असते, आणि त्या माणसाला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे. एवढे झाले, तरी पुढच्या पिढीतला श्रोता शास्त्रीय संगीताला अवघड म्हणून दूर ठेवणार नाही. तो चुकेल, शिकेल आणि एक दिवस निवेदकाच्या आधी रागाचे नाव घेईल. निवेदकाने आपल्या कामाची कसोटी तीच मानावी.